डोक्यातली गाठ ओळखायला माणसाला किती वर्षं लागली?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. इतिहास आहे, आणि इतिहासाच्या शेवटी आपल्या घरातली लेकरं आणि म्हातारी माणसं आहेत.

गोष्ट 1989 ची. मी चौथीत होतो. माझा चुलत भाऊ माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. पावसाळा संपता संपता त्याला सकाळी उलट्या सुरू झाल्या. उठला की डोकं धरायचा, एकदा उलटी झाली की बरं वाटायचं, आणि दहा वाजता पोरगं खेळायला मोकळं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, शाळा चुकवायची नाटकं आहेत. शाळेतही तेच. गुरुजींनी एकदा छडी दिली. कोणती शाळा, कोण गुरुजी ते लिहीत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच केलं असतं.

दिवाळीनंतर त्याची चाल बिघडली. पाय फाकवून चालायचा, वळताना भेलकांडायचा. अक्षर वाकडंतिकडं झालं. मान एका बाजूला कलती ठेवायचा. आम्ही पोरं त्याला "दारुड्या, दारुड्या" म्हणून चिडवायचो. हे मी मुद्दाम लिहितोय. चिडवणाऱ्यांत मीही होतो.

मग नेहमीचा प्रवास सुरू झाला. आधी जंताचं औषध, मग पित्ताचं. मग आजी म्हणाली, "याला बाहेरचं काही झालंय का बघा." देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबू-नारळाचा उतारा झाला. कुणीतरी सांगितलं, चष्मा लागला असेल. आणि गंमत बघा, खरं निदान त्या चष्म्याच्या वाटेवरच सापडलं. औरंगाबादला एका डोळ्याच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत छोट्या दिव्यानं त्याच्या डोळ्यात बराच वेळ बघितलं. काकांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "चष्म्याचं सोडा. याला उद्याच्या उद्या मुंबईला घेऊन जा."

काकांनी बैलजोडी विकली. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, तिथून रेल्वेनं मुंबई. मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या वर, गाठ होती. तिच्यामुळं मेंदूतलं पाणी अडलेलं. ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. माझा भाऊ परत आला नाही.

पत्रकारितेत आल्यावर एक प्रश्न मला सोडेना. त्या डॉक्टरांनी डोळ्यात बघून डोक्यातलं कसं ओळखलं? आणि ते जे दिसलं, ते तीन महिने आम्हाला का दिसलं नाही? या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं, जे जाणकारांना विचारलं, ते आज लिहितोय.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू.

कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. आपल्यातले किती जण तिथं धबधबा बघायला जातात आणि सेल्फी काढून परत येतात. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये एक नाव आहे, मगिल. त्याची ओळख लिहिलीय 'राजवैद्य'. दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या पदरी असलेल्या या वैद्यानं, आणि त्याच्या मुलानं व मुलीनंही, लेण्यासाठी दान दिलं आणि दगडावर नाव कोरून घेतलं. मगिलकडं कोणते रोगी यायचे, तो कशावर काय देत होता, यातलं काही लिहिलेलं नाही. पण आपल्या डोंगरात वैद्यकीची परंपरा एवढी जुनी आहे, हे तरी आपल्याला माहीत असावं.

त्याच बौद्ध परंपरेत, पाली विनयग्रंथात, जीवक वैद्याची गोष्ट आहे. राजगृहाच्या एका शेठजीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. एक वैद्य म्हणाला हा पाच दिवसांत मरणार, दुसरा म्हणाला सात. जीवकानं त्याला मंचकाला बांधलं, डोक्याची कातडी कापली, कवटी उघडली, आतून दोन किडे काढून लोकांना दाखवले, पुन्हा शिवलं आणि लेप लावला. शेठ बरा झाला, असं गोष्ट सांगते. ही गोष्ट घेऊन "बघा, आपल्याकडे तेव्हाच ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन होत होतं" असं मेसेज फिरवणारे आहेत. तसं म्हणायला आधार नाही. पण त्या कथेतून एवढं कळतं की डोक्यात सतत दुखतंय म्हणजे आत काहीतरी आहे, हा विचार माणसाला फार पूर्वी सुचला होता. अडचण एकच होती. कवटी ही बंद पेटी. आत काय आहे आणि नेमकं कुठं आहे, हे न उघडता कळणार कसं?

त्या पेटीला एक खिडकी आहे, हे कळायला 1851 साल उजाडलं. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं डोळ्याच्या आत बघायचं एक छोटं यंत्र काढलं, आरसा आणि भिंग असलेलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मेंदूकडून येणाऱ्या नसेचं टोक दिसतं. 1860 मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफे या डोळ्यांच्या डॉक्टरनं दाखवून दिलं की डोक्यात गाठ असलेल्या रोग्यांत हे टोक सुजलेलं असतं. कवटीत दाब वाढला की तो नसेवरून डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे माझ्या भावाच्या डोळ्यात औरंगाबादच्या त्या डॉक्टरांनी जे बघितलं, ती सव्वाशे वर्षांपूर्वीची विद्या होती. त्याला लाखोंचं मशीन लागत नाही. लागतो तो बघायची सवय असलेला डॉक्टर.

आत गाठ आहे, एवढं कळलं. कुठं आहे? हे कोडं सुटलं एका शेतकऱ्यामुळं.

1884 साल. लंडनच्या एका छोट्या हॉस्पिटलात स्कॉटलंडचा पंचविशीतला एक शेतकरी आला. आधी त्याच्या तोंडाची आणि जिभेची डावी बाजू फडफडायची. मग झटके हातात उतरले, मग पायात. हळूहळू डावा हातच लुळा पडला. जोडीला डोकेदुखी आणि उलट्या. अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कोणता त्रास आधी आणि कोणता नंतर ते मांडलं. त्या काळात डेव्हिड फेरियर वगैरे संशोधकांनी मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो, याचे नकाशे करायला घेतले होते. बेनेटनं रोग्याची हकीकत त्या नकाशावर ठेवली आणि सांगितलं, गाठ उजव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागात आहे. 25 नोव्हेंबर 1884 ला रिकमन गॉडली या सर्जननं तिथंच कवटी उघडली. अक्रोडाएवढी गाठ तिथंच निघाली.

एक्स-रेचा शोध त्यानंतर 11 वर्षांनी, 1895 मध्ये लागला. म्हणजे कुठलाही फोटो नसताना, नुसतं रोग्याचं नीट ऐकून, गाठीचा पत्ता काढला होता.

तो शेतकरी महिनाभरानं जखमेत पू होऊन वारला. निदान बरोबर, ऑपरेशन बरोबर, आणि तरी माणूस गेला. हा इतिहास असाच आहे, एकेका रोग्याच्या जिवावर एकेक पायरी चढलेला. पण त्या दिवसापासून डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोक्यातली गाठ स्वतःचा पत्ता सांगते. फक्त ती मेंदूच्या भाषेत सांगते. हात हलवणाऱ्या भागात असेल तर हात, बोलण्याच्या भागात असेल तर वाचा, तोल सांभाळणाऱ्या भागात असेल तर चाल.

पुढं अमेरिकेत हार्वी कुशिंग नावाचा सर्जन झाला. त्यानं आयुष्यभर हजारो मेंदूच्या गाठी काढल्या आणि प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. त्यातून कळलं की सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. काही मेंदूच्या आवरणातून वाढतात, हळू वाढतात, काढून टाकल्या की माणूस वर्षानुवर्षं जगतो. काही मेंदूतच मुळं धरतात. काही मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतात आणि सगळ्या शरीराचं गणित बिघडवतात. 1925 मध्ये कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या एका गाठीला नाव दिलं, मेड्युलोब्लास्टोमा. सकाळची उलटी, डोकेदुखी, बिघडलेली चाल, असं त्यांनी तिचं वर्णन केलं. ते वाचताना मला आमचा बाक दिसला. मी जन्मायच्या आधी 55 वर्षं हे लिहून ठेवलेलं होतं, आणि आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.

त्या काळी या गाठीची जवळजवळ सगळी मुलं दगावत. 1953 मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टरमध्ये इडिथ पॅटर्सन या डॉक्टरबाईंनी दाखवलं की नुसत्या गाठीच्या जागेला नाही, तर पूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन दिलं तर काही मुलं वाचतात. आज नीट सोय असलेल्या ठिकाणी, वेळेत आलेल्या आणि गाठ न पसरलेल्या मुलांपैकी दहातली सात-आठ मुलं पाच वर्षांच्या पुढे जातात. शंभर वर्षांत एवढा फरक पडला.

आता आपल्या देशात येऊ.

भारतात मेंदूच्या सर्जरीचा पहिला विभाग 1949 मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. मुंबईत त्याच पिढीत डॉ. राम गिंडे आणि के.ई.एम.मध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी पाया घातला. कॅन्सरसाठी परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 पासून उभं होतंच. म्हणून तर आपल्याकडे आजही मोठं दुखणं म्हटलं की माणूस "परळला नेलंय" असंच म्हणतो.

त्या डॉक्टरांच्या हातात तेव्हा काय होतं? स्कॅन नव्हता. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायचा, ही अमेरिकेच्या वॉल्टर डँडीची 1918 ची पद्धत. मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडून फोटो काढायचा, ही पोर्तुगालच्या मोनिझची 1927 ची. दोन्हींत रोग्याचे हाल व्हायचे. आणि आपल्याकडच्या डॉक्टरांपुढं एक आणखी कोडं होतं, जे लंडनच्या किंवा बोस्टनच्या पुस्तकात क्वचितच असायचं. इथं डोक्यात गाठ निघाली म्हणजे ती ट्यूमरच असेल असं नव्हतं. मोठ्या संख्येनं या गाठी क्षयाच्या असत. होय, टीबीच्या. टीबी फुप्फुसात होतो तसा मेंदूतही होतो आणि तिथं त्याची गाठ बनते. झटके तसेच, डोकेदुखी तशीच.

मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटल आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. दाराब दस्तूर मेंदूच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. त्यांनी आणि डॉ. ए. डी. देसाई यांनी टीबीच्या गाठीचे 107 आणि ग्लायोमा या ट्यूमरचे 107 रोगी घेतले आणि त्यांची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. 'ब्रेन' या इंग्लंडच्या नियतकालिकात 1965 मध्ये ती छापून आली. ना कॉम्प्युटर, ना स्कॅन. एकीकडे 107, दुसरीकडे 107, आणि फरक शोधत बसायचं. आपल्या मातीतल्या रोग्यांवरून आपल्याच डॉक्टरांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे. पाठ्यपुस्तकात आपल्या मुलांना हे कुणी शिकवत नाही.

पुढं स्कॅन आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. झटके आलेल्या कितीतरी भारतीय रोग्यांच्या स्कॅनमध्ये एक छोटी, अंगठीसारखी गाठ दिसायची. सगळ्यांना ती टीबीचीच वाटायची. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा गाठींचे तुकडे तपासले तर त्यातल्या बऱ्याच फीतकृमीच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या. त्यातल्या अनेक काही महिन्यांत आपोआप विरघळतातही. ही अंडी डुकराचं मांस खाल्ल्यानं जात नाहीत बरं का. उघड्यावरच्या घाणीतून पाण्यात, पाण्यातून न धुतलेल्या भाजीत आणि तिथून माळकरी माणसाच्या पोटातही जातात. मेंदूच्या गाठीचा संबंध गावच्या गटारीशी असा आहे.

इथं माझी एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी नवा नवा वार्ताहर होतो. जवळच्या एका खेड्यातल्या तरुणाच्या डोक्यात गाठ निघाली. मी 'मदतीचा हात हवा' म्हणून बातमी केली आणि ठोकून दिलं, 'मेंदूच्या कॅन्सरशी झुंज'. रिपोर्ट मी नीट वाचलाही नव्हता. बातमी छापून आली, थोडे पैसेही जमले, आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढं कळलं की ती टीबीची गाठ होती. दीड वर्ष गोळ्या घेतल्या, गाठ गेली. आज तो ट्रॅक्टर चालवतो, दोन मुलांचा बाप आहे. भेटला की हसून म्हणतो, "काय साहेब, अजून मेलो नाही." मी हसतो, पण ते लागतं. 'गाठ' आणि 'कॅन्सर' हे दोन शब्द एक नाहीत, हे मी तेव्हा शिकलो.

बंद पेटी शेवटी उघडली ती 1 ऑक्टोबर 1971 ला. लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात एका बाईच्या डोक्याचा जगातला पहिला सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ कवटी न उघडता पडद्यावर दिसली. यंत्र बनवणारा गॉडफ्रे हौन्सफील्ड डॉक्टर नव्हता, इंजिनीअर होता, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेला होता. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीत तो नोकरीला होता. 1979 मध्ये त्याला अ‍ॅलन कॉरमॅकसोबत नोबेल मिळालं. मग एमआरआय आला, त्याच्या कामाला 2003 चं नोबेल मिळालं.

1989 मध्ये मुंबईत माझ्या भावाचा स्कॅन झाला, तेव्हा हे तंत्र 18 वर्षांचं झालं होतं. आज संभाजीनगरात किती स्कॅन सेंटर आहेत ते मोजायलाही वेळ लागेल. मग प्रश्न सुटला का?

नाही सुटला. कारण रोगी स्कॅनच्या टेबलावर आपोआप जात नाही. त्याच्या आधी कुणाला तरी शंका यावी लागते. इंग्लंडसारख्या देशात, जिथं सगळं सरकारी आणि मोफत आहे, तिथंही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत मुलांचे चौदाएक आठवडे जात होते. मग 2011 मध्ये तिथं मोहीम काढली. नवं यंत्र आणलं नाही, नवं औषध आणलं नाही. लक्षणांची छोटी कार्डं छापली आणि पालक, शिक्षक, डॉक्टरांना वाटली. काही वर्षांत तो काळ सात आठवड्यांच्या आत आला. नुसत्या माहितीनं निम्मा वेळ वाचला.

म्हणून ती माहिती आता इथं देतो. आधीच सांगतो, घाबरू नका. बहुतेक डोकेदुखी ही पित्ताची, अर्धशिशीची, सर्दीची, जागरणाची किंवा ताणाचीच असते. मेंदूची गाठ हा दुर्मीळ आजार आहे. पण खालच्या गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा एखादी गोष्ट जातच नाही, वाढतच चाललीय, तर थांबू नका.

लहान मुलांत:
- सकाळी उठल्यावर डोकं दुखणं आणि उलटी, आणि उलटीनंतर बरं वाटणं. हे दोन आठवडे चाललं तर ते पित्त समजू नका. रात्रभर आडवं राहिल्यानं कवटीतला दाब वाढतो, म्हणून सकाळ जड जाते.
- चाल बिघडणं, तोल जाणं, हातातली वस्तू पडणं, अक्षर अचानक बिघडणं.
- मान सतत एका बाजूला कलती ठेवणं.
- नव्यानं तिरळेपणा येणं, एक वस्तू दोन दिसणं, वही डोळ्याजवळ नेणं.
- तान्ह्या बाळाचं डोकं फार भरभर वाढणं, टाळू फुगणं. येत असलेल्या गोष्टी बाळ विसरणं.
- उंची खुंटणं, वयात येणं फार लवकर किंवा फार उशिरा होणं, सारखी तहान आणि सारखी लघवी.
- हुशार पोरगं एकदम मागं पडणं, सुस्त होणं. फिट येणं.

मुलांच्या गाठी बऱ्याचदा मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात असतात, म्हणून त्यांच्यात चाल आणि उलटी आधी दिसते. मोठ्यांचं वेगळं असतं.

मोठ्या माणसांत:
- आयुष्यात कधी फिट आली नाही आणि तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदा आली. चप्पल किंवा कांदा हुंगवून सोडून देऊ नका. त्याचा स्कॅन झालाच पाहिजे.
- डोकेदुखी नव्यानं सुरू झालेली, झोपेतून उठवणारी, आठवड्यागणिक वाढणारी, खोकताना किंवा वाकताना जास्त होणारी.
- एका बाजूचा हात-पाय हळूहळू कमजोर होणं. लकवा एका क्षणात येतो. त्याला तर तासाभरात दवाखान्यात न्या. गाठीचं मात्र दिवसादिवसानं वाढतं. बैलाचा कासरा सुटायला लागतो, शर्टाचं बटण लागत नाही.
- शब्द न सुचणं, बोलणं अडखळणं.
- स्वभाव बदलणं. शांत माणूस शिव्या द्यायला लागतो, हिशेबाचा पक्का माणूस गोंधळतो, कशातच रस घेत नाही. घरचे म्हणतात "म्हातारपण आलं" किंवा "भानामती झाली". कधी कधी ती मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ असते.
- एकाच कानानं ऐकू कमी येणं, त्याच कानात सतत आवाज. फोन डाव्या कानाला लावला की ऐकू येत नाही आणि उजव्याला येतं, तर तपासा.
- दोन्ही बाजूंचं कडेचं न दिसणं. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूनं आलेली गाडी दिसत नाही. बाईची पाळी बंद होऊन अंगावर पाजत नसताना दूध येणं. चपलेचा नंबर, अंगठी, जबडा मोठेपणी वाढत जाणं. ही पिट्यूटरीची चिन्हं.

आणि ज्याला आधी फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालाय, त्याला यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. मोठ्यांच्या मेंदूतल्या बऱ्याच गाठी दुसरीकडून आलेल्या असतात.

करायचं काय? पहिलं म्हणजे, कोणता त्रास कधी सुरू झाला ते तारखेसह कागदावर लिहा. मुलाच्या चालीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. बेनेटनं त्या शेतकऱ्याची हकीकत ऐकली तशी तुमची हकीकत डॉक्टरांना पाच मिनिटांत कळली पाहिजे. दुसरं, डॉक्टरांना विचारा, "डोळ्याचा पडदा बघायचा का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. तिसरं, शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते. शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी अशा मुलाकडं त्यांचं लक्ष वेधा.

पैशाचं म्हणाल तर आज बैलजोडी विकायची वेळ सगळ्यांवर येऊ नये अशी सोय कागदावर तरी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदूची सर्जरी आणि रेडिएशन बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा. संभाजीनगरात 1956 पासून घाटी आहे, 2012 पासून सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. खारघरला टाटाच्या केंद्रात 2023 पासून प्रोटॉनचे उपचारही सुरू झालेत. कागदावरचं प्रत्यक्षात मिळत नसेल तर मला सांगा, त्याची बातमी मी करीन. आणि या वेळी रिपोर्ट वाचून करीन.

बाकी देवाला नारळ फोडायचा तर जरूर फोडा. पण स्कॅनला जाताना वाटेत फोडा. आमच्या घरानं आधी नारळ फोडला आणि मग वाट धरली. त्यात जे आठवडे गेले ते माझ्या काकांनी मरेपर्यंत मोजले. आजीनं तर त्यानंतर कुणाला अंगारा लावलाच नाही.

माझं शिक्षक मित्रांना एकच मागणं आहे. वर्गातलं एखादं पोरगं सकाळी सकाळी बाकावर डोकं ठेवून पडत असेल, भेलकांडत असेल, आणि बाकीची पोरं त्याला दारुड्या म्हणून चिडवत असतील, तर छडी बाजूला ठेवा आणि त्याच्या आईबापाला निरोप पाठवा.

लक्षणांची यादी पुढं पाठवायला हरकत नाही, माझं नाव टाकायचीही गरज नाही. पिशोर, नाचनवेल, करंजखेडकडच्या शाळेतल्या ग्रुपवर तेवढी नक्की टाका.